बाबांच्या वहीतले 1,840 आणि पडद्यावरचे 183.50

वाचकाचं पत्र :

"बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात हिशेबाची वही सापडली. त्यात पंधरा वर्षांपूर्वीची एक नोंद आहे : एका कंपनीचे 50 शेअर, भाव 1,840. आज तो शेअर 640 ला आहे. दादा म्हणतो, बाबांनी पैसे बुडवले. तीन वर्षांपूर्वी भाव 910 झाला होता, तिथे परत जाईलच, तोवर थांबू आणि मग विकून टाकू. मी जुने भाव शोधायला बसले तर भलतंच निघालं. वहीतल्या तारखेला भावच नाही, कारण तो रविवार आहे. आधीच्या शुक्रवारच्या ओळीत बंद भाव 183.50, आणि शेजारच्या रकान्यात 147.60! खात्यात मात्र 500 शेअर दिसतात. आणखी घेतल्याची नोंद वहीत कुठेच नाही. यातला खरा भाव कोणता? आणि हे जुने भाव बघून विकायचं की ठेवायचं, हे ठरवता येतं का?

— हिशेबात कच्ची धाकटी बहीण"

ताई,

हिशेबात कच्ची म्हणून सही केलीत खरी, पण ज्या आकड्यांवाचून मला उत्तर देता आलं नसतं, नेमके तेवढेच पत्रात लिहिलेत. खात्यातले 500 शेअर तुम्हाला खटकले, तिथेच अर्धं काम झालं होतं. दादांना ते खटकले नाहीत.

आधी बाबांवरचा आळ काढून टाकू. त्यांनी 50 शेअर 1,840 ने घेतले, म्हणजे 92,000 घातले. आज 500 शेअर 640 ने आहेत, म्हणजे 3,20,000. साडेतीन पटीला किंचित कमी. दादांनी एका शेअरचा जुना भाव आणि एका शेअरचा आजचा भाव समोरासमोर ठेवला, पण हा तो शेअरच नाही. तेव्हाच्या एका शेअरचे आज दहा झालेत.

ते कसे झाले, हे कंपनीच्या जुन्या घोषणांमध्ये सापडेल. 50 चे 500 व्हायला बऱ्याच वाटा आहेत, पण नेहमीची वाट अशी : कंपनीने कधीतरी एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, 50 चे 100 झाले. पुढे कधीतरी 10 दर्शनी मूल्याचा (म्हणजे कागदावर छापलेल्या किमतीचा) शेअर 2 चा केला, म्हणजे एकाचे पाच, 100 चे 500. याला स्प्लिट म्हणतात. दोन्ही वेळा कंपनीत ना पैसा आला, ना गेला. भाकरी तीच, तुकडे जास्त. समजा बोनसच्या आदल्या दिवशी भाव 2,400 होता, तर दुसऱ्या दिवशी बाजार 1,200 च्या आसपास उघडतो आणि कोणाचंही काही बुडत नाही.

आता आलेख काढणाऱ्याची पंचाईत बघा. 2,400 नंतर 1,200 असे आकडे जसेच्या तसे काढले, तर कंपनी एका रात्रीत निम्मी झाली असं दिसेल. म्हणून तो मागचे सगळे भाव निम्मे करतो. पुढे स्प्लिट झालं की मागचे सगळे पुन्हा पाचाने भागतो. त्या शुक्रवारी बाजार 1,835 ला बंद झाला होता, त्याचे 183.50 झाले ते असे. त्या शुक्रवारी बाजारात 183.50 ला एकही सौदा झालेला नाही. तो भाव आजच्या मापात मांडलेला आहे, एवढंच.

या मापाच्या गमती मोठ्या कंपन्यांत चांगल्या दिसतात. ॲपलचा शेअर 12 डिसेंबर 1980 रोजी बाजारात आला, 22 डॉलरला. त्यानंतर 1987, 2000 आणि 2005 मध्ये एकाचे दोन, 2014 मध्ये एकाचे सात आणि 2020 मध्ये एकाचे चार झाले. गुणाकार करा : 224. म्हणजे 22 डॉलर आज आलेखावर जेमतेम 10 सेंट दिसतात. "तेव्हा दहा सेंटला मिळत होता हो!" असं हळहळणारे मला दरवर्षी दोघे-तिघे तरी भेटतात. दहा सेंटला कोणालाच मिळत नव्हता. 22 डॉलर मोजावे लागत होते आणि ते तेव्हा कमी नव्हते.

उलटाही प्रकार होतो. अमेरिकेतल्या सिटीग्रुप या बँकेने मे 2011 मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला. 2008 च्या संकटाआधी तो 50-55 डॉलरला होता, आज आलेखावर तेच 500-550 दिसतात. मार्च 2009 मध्ये तो काही काळ 1 डॉलरच्याही खाली गेला होता. लोकांच्या तोंडचं पाणी पळवणारा तो आकडा आज आलेखावर 10 च्या आसपास कुठेतरी बिनबोभाट पडलेला आहे. त्या दिवसांची भीती त्या 10 मध्ये दिसत नाही.

मीही यात एकदा सपशेल आपटलो आहे. एका कंपनीचे जुने भाव मी दोन हप्त्यांत उतरवून घेतले होते, काही वर्षं आधी आणि उरलेले नंतर, आणि एकाच तक्त्यात खाली-वर चिकटवले. मधल्या काळात स्प्लिट झालेलं. जुना तुकडा जुन्या मापात, नवा नव्या मापात. जोडावर एका दिवसात 50 टक्क्यांची पडझड दिसली आणि मी त्या दिवशी कंपनीत काय घोटाळा झाला ते शोधत बसलो. अर्धा तास बातम्या चाळल्या. घोटाळा माझ्याच तक्त्यात होता. तेव्हापासून जुने भाव लागले की सगळे एकदम, एकाच ठिकाणाहून आणि त्याच दिवशी घेतो.

आता 147.60. हा रकाना बहुतेकांना गोंधळात पाडतो, कारण नावातच समायोजित बंद भाव असतो आणि आपल्याला वाटतं, समायोजन तर आधीच झालं. बऱ्याच संकेतस्थळांवर साध्या बंद भावात बोनस आणि स्प्लिट धरलेलं असतं. समायोजित भावात त्यावर लाभांशही धरलेला असतो. कंपनीने लाभांश वाटला की तेवढा पैसा तिच्या तिजोरीतून भागधारकाच्या खिशात जातो, म्हणून एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढ्याने उतरतो. हेही नुकसान नाही. समजा आदल्या दिवशी भाव 600 होता आणि लाभांश 6. म्हणजे शंभरातला एक भाग गेला, 99 उरले. मग त्या दिवसाच्या मागचा प्रत्येक भाव 0.99 ने गुणायचा. पुढच्या वर्षी पुन्हा लाभांश, पुन्हा गुणाकार. पंधरा वर्षांचे असे गुणाकार होत होत 183.50 चे 147.60 झाले.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. हा रकाना स्थिर नाही. पुढच्या लाभांशानंतर याच शुक्रवारची ओळ उघडलीत तर 147.60 च्या जागी 146 आणि काहीतरी दिसेल. पंधरा वर्षांपूर्वीचा भाव पुढच्या वर्षी बदललेला! संकेतस्थळ चुकलं असं समजून घाबरू नका. आणि कुठेही हा आकडा टिपून ठेवलात तर तो कोणत्या दिवशी घेतला तेही शेजारी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच हिशेब तुम्हाला जुळणार नाही.

तर खरा भाव कोणता? तिन्ही खरे, पण प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा.

बाबांनी खिशातून किती काढले? 1,840. करासाठी, वाटणीसाठी, कुठल्याही कागदोपत्री कामासाठी हाच भाव आणि त्यासोबतची खरेदीची पावती. तिथे 147.60 चुकूनही लिहू नका, नाहीतर न झालेल्या नफ्यावर कर भराल. बोनसमधून आलेल्या शेअरची खरेदी किंमत काय धरायची आणि वारशाने आलेल्या शेअरची काय, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते कर-सल्लागाराला विचारा, माझ्या सदरावर विसंबू नका.

शेअरचा भाव किती वाढला? बाबांचे 1,840 आजच्या मापात 184. म्हणजे 184 वरून 640. पंधरा वर्षांत हे दरसाल सुमारे 8.7 टक्के चक्रवाढ पडतं.

आणि गुंतवणुकीने एकूण काय दिलं? त्यासाठी समायोजित भाव. तिथे बाबांचा 1,840 नाही, दिवसाचा बंद भाव धरलेला असतो, पण फरक नगण्य आहे. 147.60 वरून 640, म्हणजे दरसाल साधारण सव्वादहा टक्के. मात्र यात एक गृहीतक दडलेलं आहे : आलेला प्रत्येक लाभांश त्याच दिवशी पुन्हा त्याच शेअरमध्ये घातला. बाबांनी तसं केलेलं नाही हे उघड आहे, नाहीतर खात्यात 500 पेक्षा जास्त शेअर असते. त्यांनी लाभांश घेतला आणि घरात वापरला. बँकेचं जुनं पासबुक मिळालं तर त्यात वर्षातून एक-दोनदा कंपनीच्या नावाने जमा झालेल्या लहान-लहान रकमा सापडतील. त्यांची बेरीज करून दादांना दाखवा. "बुडवले" म्हणणाऱ्या माणसाला ती बेरीज बघायलाच हवी, कदाचित त्याच पैशांतून त्याची फी भरली गेली असेल.

खात्यात एखाद्या अनोळखी कंपनीचेही शेअर दिसतात का, तेही बघा. मूळ कंपनीने एखादा विभाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली असेल, तर जुन्या भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर मिळतात आणि मूळ शेअरचा भाव त्या दिवशी उतरतो. सगळे तक्ते ही गोष्ट सारख्याच पद्धतीने धरत नाहीत. दोन संकेतस्थळांवर एकाच दिवसाचे दोन भाव दिसले की बहुधा हेच किंवा हक्कभाग (जुन्या भागधारकांना सवलतीत देऊ केलेले नवे शेअर) कारण असतं.

सव्वादहा टक्के चांगले की वाईट? एकट्या आकड्यावरून नाही सांगता येत. बाजाराच्या निर्देशांकाने त्याच पंधरा वर्षांत काय दिलं, त्याच्याशी ताडून बघा. पण इथेही मापाची तीच भानगड. बहुतेक निर्देशांकांचा बातम्यांत येणारा आकडा लाभांश सोडून असतो, अमेरिकेच्या एस अँड पी 500 चा तसाच. जर्मनीच्या डॅक्सचा ठळक आकडा मात्र लाभांश धरून काढलेला असतो. तेव्हा तुमच्या सव्वादहासमोर लाभांश धरलेला निर्देशांक ठेवा, पावणेनऊसमोर लाभांश सोडलेला. लाभांशासकट शेअर आणि लाभांशावाचून निर्देशांक अशी तुलना करून "आम्ही बाजाराला हरवलं" म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींचा तर तो धंदाच आहे. महागाई यातल्या कुठल्याच रकान्यात वजा केलेली नसते, ती तुम्हालाच करायची.

आता दादांचे 910.

आधी साधं गणित. 910 वरून 640 म्हणजे जवळपास 30 टक्के घसरण. पण 640 वरून 910 गाठायला 42 टक्के चढावं लागेल. उतरताना आणि चढताना टक्के सारखे नसतात. निम्मा झालेला शेअर मूळ जागी यायला दुप्पट व्हावा लागतो. म्हणून "तीसच टक्के तर पडलाय" हे म्हणायला सोपं आहे.

पण खरा घोटाळा "परत जाईलच" या शब्दांत आहे. एकदा गाठलेला उच्चांक हे बाजाराचं आपल्याला देणं नसतं. त्या दिवशी 910 ला घ्यायला कोणीतरी तयार होतं, 910 मधून कळतं ते इतकंच. तो का तयार होता हे कळायला आकड्याच्या बाहेर पडावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं बघा. डिसेंबर 1999 च्या शेवटी तो 119 डॉलरच्या आसपास गेला होता. 2003 मध्ये एकाचे दोन झाले, म्हणून आलेखावर 60 ला थोडे कमी दिसतात. तो बंद भाव ओलांडायला ऑक्टोबर 2016 उजाडावा लागला. जवळजवळ सतरा वर्षं! कंपनी बुडत होती असं म्हणावं तर तेही नाही. या काळात तिची विक्री तिपटीहून जास्त झाली. कंपनी ठणठणीत होती. 1999 मध्ये लोकांनी तिच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीचे पैसे आगाऊ मोजले होते, बस. मधल्या काळात लाभांश मिळाले, 2004 मध्ये तर शेअरमागे 3 डॉलरचा खास लाभांश मिळाला. त्यामुळे समायोजित भावाने पाहिलं तर ही वाट थोडी कमी लांबीची दिसते. लांब ती तरीही आहेच.

अख्खा बाजारसुद्धा असा अडकतो. जपानच्या निक्केई निर्देशांकाने 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 गाठला आणि त्याच्या वर जाऊन बंद व्हायला फेब्रुवारी 2024 लागला. ज्या कंपन्या कधीच परत वर आल्या नाहीत त्यांचे आलेख तर आपल्यासमोर येतही नाहीत. त्यांची नावं यादीतूनच गेलेली असतात. म्हणून जुने आलेख चाळताना "शेवटी सगळं वर येतंच" असं वाटत राहतं.

मग जुने भाव कशासाठी बघायचे? पुढचं भविष्य सांगण्यासाठी नाही, हे तुम्हाला आता कळलंच असेल. मी ते दोन कामांसाठी वापरतो.

पहिलं, या शेअरचा स्वभाव कळतो. पंधरा वर्षांत तो वरून खाली जास्तीत जास्त किती पडला आणि सावरायला किती वेळ लागला, ते शोधा. यासाठी आलेखाची उभी पट्टी बदलावी लागते. साध्या पट्टीवर 10 वरून 20 आणि 900 वरून 910 ही सारखीच उडी दिसते. पहिली दुप्पट आहे, दुसरी एक टक्क्याच्या जरा वर. ॲमेझॉनचा साधा आलेख उघडा. डाव्या कोपऱ्यात तळाशी चिकटलेली सपाट रेघ दिसेल. त्या सपाट रेघेत 1999 मध्ये तेव्हाच्या मापात 107 डॉलरच्या आसपास गेलेला शेअर 2001 मध्ये 6 डॉलरच्या खाली आलेला आहे (पुढच्या स्प्लिटमुळे आज आलेखावर हे आकडे याहून बरेच लहान दिसतात). 90 टक्क्यांहून जास्त घसरण, आणि डोळ्यांना वळसुद्धा दिसत नाही. संकेतस्थळावर 'लॉग' असं बटण असतं, ते दाबा. मग समान टक्के समान उंचीचे दिसतात आणि रेघेत दडलेले खड्डे वर येतात. तुमच्या शेअरने पूर्वी कधी 50 टक्के घसरण दाखवली असेल, तर पुढेही दाखवू शकतो असं धरून चालायचं. ते बघून तुमची झोप उडणार असेल, तर शेअर कितीही चांगला असो, एवढे 500 ठेवू नका.

दुसरं काम, भावाशेजारी नफा ठेवणं. कंपनीच्या वार्षिक अहवालातून शेअरमागे मिळकत काढा. तीही बोनस-स्प्लिटनंतरच्या मापात हवी, नाहीतर पुन्हा माझ्यासारखा जोडावर घोटाळा. 910 च्या वेळी भाव मिळकतीच्या किती पट होता आणि आज 640 ला किती पट आहे? समजा तेव्हा मिळकत 20 होती आणि आज 32 आहे, तर तेव्हा साडेपंचेचाळीस पट मोजत होते, आज वीस पट. मग 640 बद्दल एक बोलणं होऊ शकतं. उलट मिळकतच 20 वरून 12 वर आली असेल, तर आज भाव मिळकतीच्या त्रेपन्न पट आहे. पडूनसुद्धा शेअर आधीपेक्षा महाग झाला! 910 वरून तो खाली आलाय एवढंच बघणाऱ्याला ही दोन चित्रं सारखीच दिसतात. "52 आठवड्यांचा नीचांक" वाचून धावणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

तुम्ही विकावं की ठेवावं हे मी सांगणार नाही. कंपनी कोणती तेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच बरं. पण दादांशी बोलायला बसाल तेव्हा 910 आणि 1,840 हे दोन्ही आकडे बाजूला ठेवून बोला. हातात 3,20,000 रोख असते, तर आज याच कंपनीत सगळे घातले असते का? दोघांनी आपापलं उत्तर कागदावर लिहा आणि मगच एकमेकांना दाखवा. अर्धे विकून अर्धे ठेवणं हाही पर्याय असतो. भावंडांच्या भांडणात तो का कोण जाणे, कोणाला सुचत नाही.

राहिला रविवार. त्यात गूढ काही नाही, पण ते सोडवायला जुने भावच उपयोगी पडतात. भावाच्या तक्त्यात बंद भावाशिवाय दिवसाचा उच्चांक आणि नीचांकही असतो. शुक्रवारच्या ओळीतले दोन्ही आकडे दहाने गुणा. समजा नीचांक 181.20 आणि उच्चांक 185.90 असेल, तर त्या दिवशी भाव 1,812 ते 1,859 च्या दरम्यान फिरला आणि 1,840 त्यात बसतो. मग गुरुवार, बुधवार असं मागे जात तपासा. ज्या दिवशी 1,840 बसत नाही, तो दिवस बाद. एकच दिवस उरला तर तीच खरेदीची तारीख, आणि दलालाच्या जुन्या पावतीशी ती जुळायला हवी. करासाठी पावतीवरची तारीख धरतात, वहीतली नाही. माझा आपला अंदाज : बाबांनी शेअर घेतले शुक्रवारी, आणि आठवड्याचा हिशेब मांडायला ते बसत रविवारी. वहीतल्या बाकीच्या नोंदींच्या तारखा बघा, त्याही रविवारच्याच निघतील.